गादी बळकावली खरी!

१३८८ सालच्या, इंग्लंडातील एका सरदाराच्या जमाखर्चात एका बासरीच्या खरेदीची नोंद आहे. बासरीचे नाव रेकॉर्डर. आपल्याकडील अलगुजाप्रमाणे उभे धरून फुंकावयाचे हे वाद्य पुढे युरोपात घरोघर पोचले, आणि त्याच्या नावाचा पहिला लेखी उल्लेख म्हणून अभ्यासक बहुधा याच नोंदीकडे बोट दाखवितात. वाद्याचा मागोवा घेत मी या नोंदीपाशी आलो आणि वाद्य बाजूस ठेवून खरेदीदाराच्याच मागे लागलो. हा खरेदीदार म्हणजे डर्बीचा अर्ल हेन्री. जन्मस्थानावरून त्याला बोलिंगब्रोक म्हणत. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता. त्याच्या संगीतातील गतीची त्या काळच्या एका बखरकाराने मुद्दाम वाखाणणी केलेली आहे.

सप्टेंबर १३९९ मध्ये याच हेन्रीने आपला चुलतभाऊ दुसरा रिचर्ड याला पदच्युत करून इंग्लंडची गादी घेतली आणि चौथा हेन्री या नावाने साडेतेरा वर्षे राज्य केले. त्या साडेतेरा वर्षांत ती बासरी स्वस्थपणे हाती धरण्याचा योग त्याला कितीदा आला असेल, याची मला शंकाच आहे. शेक्सपिअरच्या नाटकांमुळे आपल्याकडील शिकलेल्या वाचकांच्या कानांवरून हा राजा गेलेला असतो. पण त्या नाटकांतही तो राजपुत्र हॅल आणि लठ्ठ फॉलस्टाफ यांच्या मागे कोपऱ्यात उभा राहतो. वस्तुतः लक्ष द्यावे ते त्याच्याकडेच. गादी घेण्यास त्याला पुरते तीन महिनेही लागले नाहीत. ती राखण्यात मात्र उरलेले आयुष्य गेले.

हेन्री आणि रिचर्ड दोघेही १३६७ मध्ये जन्मलेले, दोघेही तिसऱ्या एडवर्डचे नातू. थोरल्या मुलाचा मुलगा म्हणून रिचर्ड १३७७ मध्ये दहाव्या वर्षी गादीवर बसला. हेन्रीचा बाप जॉन ऑफ गाँट हा लँकॅस्टरचा ड्यूक, राजाच्या खालोखाल श्रीमंत. आपल्याकडे जिला भाऊबंदकी म्हणतात तिला आणखी काय लागते? १३८७ मध्ये राजाच्या मर्जीतील मंडळींविरुद्ध पाच बडे सरदार उठले, त्यांत वीस वर्षांचा हेन्री होता. रिचर्डने वरकरणी सारे विसरल्यासारखे केले आणि दहा वर्षे थांबून १३९७ मध्ये पाचांपैकी तिघांचा निकाल लावला. एक कैदेत मेला, एकाचे डोके गेले, एक हद्दपार झाला. उरले दोघे, हेन्री आणि मोब्रे. ते घाबरून एकमेकांवरच आरोप करू लागले. १६ सप्टेंबर १३९८ रोजी कॉव्हेंट्री येथे त्यांचे द्वंद्व ठरले. दोघेही घोड्यांवर स्वार झाले असता राजाने ते थांबविले आणि मोब्रेला जन्मभर, हेन्रीला दहा वर्षे देशाबाहेर काढले.

येथवर रिचर्डचे फारसे बिघडले नव्हते. परंतु फेब्रुवारी १३९९ मध्ये जॉन ऑफ गाँट वारला, आणि राजाने लँकॅस्टरची सारी मिरास खालसा करून हेन्रीची हद्दपारी जन्माची केली. ही एक गोष्ट साऱ्या देशाला झोंबली. ज्याच्यापाशी म्हणून चार बिघे जमीन आणि एक सनद होती, त्याला वाटले की लँकॅस्टरची ही गत तर आपली काय? रिचर्डवर तेहतीस कलमांचे आरोपपत्र पुढे ठेवण्यात आले. माझ्या मते त्यातील बत्तीस कलमे शोभेची होती.

रिचर्ड फौज घेऊन आयर्लंडात गेला, आणि जुलैच्या प्रारंभी हेन्री मोजक्या माणसांनिशी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर रेव्हनस्पर येथे उतरला. उत्तरेचे बलाढ्य पर्सी घराणे, म्हणजे नॉर्थम्बरलंडचा अर्ल आणि त्याचा मुलगा हॉटस्पर, त्याला येऊन मिळाले. ‘मी माझी वडिलार्जित जहागीर मागावयास आलो आहे, गादी मागावयास नव्हे,’ अशी शपथ हेन्रीने डॉन्कास्टर येथे घेतली होती, असे याच पर्सी मंडळींनी चार वर्षांनंतर जगास सांगितले. शपथ घेतली असावी असे मला वाटते. ती घेतली नसती तर निम्मे सोबती तेथूनच घरी परतले असते. पण रिचर्ड एकदा हाती सापडल्यावर मागे फिरावयास वाट कोठे होती? दहा वर्षे सूड पोटात ठेवणाऱ्या माणसाला पुन्हा सिंहासनावर बसवून आपण जहागिरीत नांदावयाचे, एवढा भाबडा हेन्री नव्हता.

३० सप्टेंबर १३९९ रोजी वेस्टमिन्स्टरच्या प्रचंड दिवाणखान्यात सभा भरली. सिंहासन रिकामे होते. रिचर्डने आदल्या दिवशी राजीनामा दिल्याचे वाचून दाखविण्यात आले. मग हेन्री उठला आणि दरबारी फ्रेंच सोडून साध्या इंग्रजीत त्याने गादीवर आपला हक्क सांगितला. पण हक्क कसला? तिढा येथेच होता. लढाई करून देश जिंकला असे म्हणावे, तर न्यायाधीश थर्निंग याने बजावले की जेत्याचा हक्क सांगितलात तर प्रजेच्या साऱ्या मिळकती जेत्याच्या ठरतील. आणि लोक तर मिळकती वाचाव्यात म्हणूनच तुमच्यामागे आले आहेत! वंशाने म्हणावे, तर रिचर्डला मूल नसल्याने एडवर्डच्या दुसऱ्या वयात आलेल्या मुलाची शाखा आधी येत होती. त्या शाखेचा वारस एडमंड मॉर्टिमर नावाचा आठ वर्षांचाही न झालेला पोर होता. मुलीकडून आलेला वंश की मुलाकडून, या वादाला तेथे जागा होती. तरी पोराचे अस्तित्व कोणास पुसता येईना. हेन्रीच्या आईच्या घराण्याचा मूळ पुरुष एडमंड हाच वास्तविक थोरला, कुबडा म्हणून त्याला डावलले गेले, अशी एक दंतकथा उकरून काढण्यात आली. पंडितांची समिती बसली, तिने मठांतील बखरी तपासल्या आणि कथा खोटी असल्याचा निर्वाळा दिला. समितीतील एक सभासद, ॲडम ऑफ उस्क, याने हा प्रकार स्वतःच लिहून ठेवला आहे.

शेवटी हेन्री जे बोलला त्यात थोडे रक्त, थोडी देवाची कृपा, थोडी मित्रांची मदत आणि कारभाराअभावी बुडत चाललेले राज्य असे सारेच होते. आपल्या बडोद्यात १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाल्यावर जमनाबाईंनी कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला आणि त्या मुलाचे सयाजीराव झाले. दत्तकविधान झाले की बाप कायद्याने ठरतो. इंग्लंडात ही सोय नव्हती. हेन्रीला स्वतःच्या बापाची थोरवी सांगूनच भागवावे लागले. १३ ऑक्टोबरला राज्याभिषेक झाला तेव्हा साक्षात मेरीमातेने संत बेकेटला दिलेले पवित्र तेल सापडल्याचे जाहीर होऊन ते त्याच्या मस्तकी लावण्यात आले. त्यापूर्वी कोणाही राजास ते लाभले नव्हते. कागदपत्र अपुरे पडले की तेल जास्त लागते.

जुना राजा जिवंत होता ही दुसरी अडचण. जानेवारी १४०० मध्येच रिचर्डच्या पक्षातील अर्लांनी विंडसर येथे नाताळच्या उत्सवात असलेल्या हेन्रीला मुलांसह पकडण्याचा कट केला. सुगावा लागला, हेन्री लंडनला निसटला आणि पळालेल्या कटवाल्यांची गावोगावच्या लोकांनीच डोकी उडविली. लोक अद्याप त्याच्या बाजूचे होते. पण रिचर्ड जिवंत असेतो असे कट होतच राहणार हे आता साऱ्यांना दिसले, आणि पुढच्याच महिन्यात पॉन्टिफ्रॅक्टच्या किल्ल्यात रिचर्ड मेला. अन्नावाचून मेला असे बहुतेक सांगतात. त्याने अन्न सोडले की त्याला दिले नाही, येथे मतभेद. प्रेत लंडनला आणताना चेहरा उघडा ठेवला होता, सेंट पॉलच्या देवळात ते लोकांस दाखविले. व्हावयाचे तेच झाले. रिचर्ड स्कॉटलंडात जिवंत आहे अशी आवई उठली आणि तेथे खरोखरीच एक तोतया पाळण्यात आला, जो १४१९ पर्यंत जगला. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता पैशाची बाजू. इतिहासाची पुस्तके ती दोन ओळींत संपवितात, पण मला तीच सर्वांत बोलकी वाटते. माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या उतारवयात झालेला मी मुलगा, त्यामुळे दरबार मी पाहिला नाही. दरबाराच्या गोष्टी मात्र भरपूर ऐकल्या. ते म्हणत, राज्याची प्रकृती दिवाणाच्या भाषणावरून कळत नाही, गवयाची नेमणूक कोणत्या तारखेस हाती पडते त्यावरून कळते. हेन्रीच्या खजिन्याला ही कसोटी लावली की सारा उलगडा होतो. गादी मिळविताना ज्यांनी साथ दिली त्यांना वर्षासने द्यावयाची. रिचर्डची माणसे बिथरू नयेत म्हणून त्यांचीही वर्षासने चालू ठेवावयाची. बापाच्या जहागिरीतील जुन्या चाकरांची तर होतीच. रिचर्डने कर लादून लोक पिडले असा गवगवा करून हा आलेला, तेव्हा नवा राजा स्वतःच्या उत्पन्नावर भागवील अशी लोकांची समजूत. तशात वेल्स पेटलेले, स्कॉटलंडची सरहद्द धुमसणारी, समुद्रात फ्रेंचांचे छापे, आणि लोकरीच्या जकातीचे उत्पन्न घसरलेले. खजिन्यातून सैनिकांना मिळे ती पगाराची वरात. ती घेऊन गेले की तेथे पैसाच नसे.

पार्लमेंट हे सारे बघत होते. ज्या सभेच्या संमतीने आपण गादीवर बसलो, तिला डोळे वटारून दाखविणे हेन्रीला शक्य नव्हते. १४०४ मध्ये कॉमन्सचा वक्ता आर्नल्ड सॅव्हेज याने राजवाड्यातील उधळपट्टीवर तोंडावर बोट ठेवले आणि राणीबरोबर आलेले परदेशी लोक काढून टाकण्यास लावले. १४०६ चे पार्लमेंट १ मार्चला बसले ते मधल्या सुट्ट्या धरून २२ डिसेंबरला उठले. इतके लांबलेले पार्लमेंट तोवर कोणी पाहिले नव्हते. राजाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे, खर्चाचा हिशेब द्यावा, अशा अटींवर पैसा मिळाला. पुढल्या वर्षी ग्लॉस्टर येथे कराची मंजुरी आधी कॉमन्सने द्यावी हा दंडक त्याने मान्य केला. इंग्रज लोकांना आपल्या या प्रथेचा मोठा अभिमान आहे, आणि तो असावाही. परंतु तिच्या पायाशी एका कर्जबाजारी राजाची लाचारी आहे.

धर्मगुरूंचेही देणे होते. रिचर्डने हाकलून दिलेला आर्चबिशप अरुंडेल हेन्रीबरोबरच परतला होता. पाखंड्यांना जिवंत जाळण्याचा १४०१ चा कायदा आणि त्याच वर्षी विल्यम सॉट्री या पाद्र्याचे जळणे, ही या देण्याची फेड.

मी रेंगाळतो तो मात्र वेल्समध्ये. त्या डोंगराळ मुलखातील ओवेन ग्लिनडूर हा मोठा जमीनदार, प्राचीन वेल्श राजांचा वंशज, लंडनला राहून कायदा शिकलेला आणि इंग्रज राजाच्या फौजेत लढलेला. शेजारच्या ग्रे नावाच्या इंग्रज सरदाराशी त्याचा जमिनीवरून तंटा होता. दाद लागेना तेव्हा १६ सप्टेंबर १४०० रोजी त्याच्या माणसांनी त्याला वेल्सचा राजपुत्र म्हणून पुकारले. तंटा शेताच्या बांधाचा, पण त्यात शंभर वर्षांचा अपमान येऊन मिळाला. हेन्रीने पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्या आणि दर वेळी पाऊस, चिखल व उपासमार यांनी त्याला परतविले. १४०२ च्या सप्टेंबरात वादळाने राजाचा तंबूच त्याच्या अंगावर पाडला. चिलखत घालून निजला होता म्हणून वाचला. ग्लिनडूरला जादूटोणा येतो अशी इंग्रज शिपायांची खात्रीच झाली.

वेल्समध्ये भाटांची एक परंपरा आहे. भाट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोंडपुजे स्तुतिपाठक येतात. तसे ते नव्हते. वृत्तांचे अतिशय कडक नियम शिकून, गुरूपाशी वर्षानुवर्षे घालवून तयार झालेले हे कवी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात फिरत, हार्पच्या साथीने घराण्यांच्या वंशावळी आणि पराक्रम गात. आयोलो गॉख हा त्यांतला एक थोर. बंडापूर्वीच्या सुखाच्या दिवसांत त्याने ग्लिनडूरच्या सिखार्थ येथील वाड्याचे वर्णन केले आहे. भोवती खंदक, फळबाग, गिरणी, कबुतरखाना, मासळीचे तळे, आणि दाराला बहुधा कुलूप नाही, कारण येईल तो पाहुणा. या भाटांपाशी भविष्यगीतेही असत. परक्यांना घालवून देणारा एक वीर आपल्यात पुन्हा येणार आहे, हे शतकानुशतके ती सांगत आली होती. ग्लिनडूर उठला तेव्हा लोकांना निराळे काही समजावून सांगावे लागले नाही. गाणी आधीच पाठ होती.

हेन्रीच्या कारभाऱ्यांना हे उमगले. १४०२ च्या पार्लमेंटने वेल्श लोकांविरुद्ध जे कायदे केले त्यांत शस्त्रे बाळगू नयेत, किल्ल्यांवर नेमू नये, परवानगीवाचून जमू नये या कलमांच्या जोडीला एक कलम असे आहे की कवी, गायक-वादक आणि भटके यांना वेल्समध्ये थारा देऊ नये, त्यांनी लोकांत फिरून वर्गणी गोळा करू नये. बासरी विकत घेणाऱ्या, प्रशियाच्या मोहिमेवरही वादकांचा ताफा बरोबर नेणाऱ्या राजाच्या शिक्क्याने हा कायदा निघाला. संगीत कळणाऱ्या माणसालाच संगीताची भीती अधिक वाटत असावी. पुढच्याच वर्षी हेन्रीच्या मुलाने, म्हणजे वेल्सचा राजपुत्र म्हणविणाऱ्या धाकट्या हेन्रीने, सिखार्थचा वाडा जाळला आणि तसे पत्राने कळविलेही. आज तेथे गवताची एक उंच टेकडी आणि खंदकाच्या खुणा आहेत. वाडा कसा होता हे ज्याला जाणावयाचे असेल त्याला आयोलोकडेच जावे लागते.

याच वेल्सने पर्सी घराण्याचा धागा तुटला. जून १४०२ मध्ये ब्रिन ग्लास येथे ग्लिनडूरने इंग्रज फौज कापून काढली आणि तिचा नायक एडमंड मॉर्टिमर कैद केला. हा गादीच्या खऱ्या वारसाचा चुलता, आणि हॉटस्परच्या बायकोचा भाऊ. हेन्रीने त्याचा दंड भरून त्याला सोडवून आणण्यास नकार दिला. राजाचा हिशेब सरळ होता, मॉर्टिमर तुरुंगात असलेला बरा. पण मॉर्टिमर तुरुंगात राहिला नाही. त्याने ग्लिनडूरच्या मुलीशी लग्न केले आणि भाच्याचा हक्क उघड बोलू लागला. त्याच सप्टेंबरात होमिल्डनच्या टेकडीवर पर्सींनी स्कॉट लोकांचा धुव्वा उडवून त्यांचा सेनापती डग्लस धरला. राजाने कैदी आपल्या स्वाधीन करण्यास फर्माविले. हॉटस्पर म्हणाला असेल, आमचे वीस हजार पौंड तुमच्याकडे येणे, आमच्या मेव्हण्याला तुम्ही सोडविले नाहीत, आणि वर आमचे कैदीही तुम्हालाच? डग्लस त्याने दिला नाहीच.

२१ जुलै १४०३ रोजी श्रूजबरीजवळच्या शेतात लढाई झाली. हॉटस्परला बाप किंवा ग्लिनडूर येऊन मिळण्याच्या आत हेन्रीने त्याला गाठले, आणि लष्करी दृष्ट्या हीच त्याची सर्वांत मोठी कामगिरी. दोन्ही बाजूंस इंग्रज तिरंदाज, एकाच तालमीत तयार झालेले. राजाचा पोशाख घालून काही सरदार मैदानात उतरले होते आणि राजा समजून मारले गेले. सोळा वर्षांच्या राजपुत्राच्या चेहऱ्यात बाण सहा इंच शिरला. काडी निघाली, टोक आत राहिले. जॉन ब्रॅडमोर नावाच्या शस्त्रवैद्याने त्यासाठी मुद्दाम एक चिमटा घडविला, जखम काड्यांनी हळूहळू रुंद करून मधाच्या वाती घातल्या आणि टोक बाहेर काढले. हे सारे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. हॉटस्पर पडला. तोही जिवंत असल्याची वार्ता उठली, तेव्हा पुरलेले प्रेत उकरून श्रूजबरीत दोन जात्यांच्या दगडांमध्ये उभे करण्यात आले. चार वर्षांत दुसऱ्यांदा हेन्रीला एका मेलेल्या माणसाचे तोंड लोकांना दाखवावे लागत होते. सरळ वारसाने आलेल्या राजाचा शब्द लोक धरून चालतात. याला पुरावा द्यावा लागे.

१४०५ चे वर्ष मला त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत काळे वाटते. फेब्रुवारीत मॉर्टिमर बंधूंना विंडसरहून पळविण्यात आले. वेल्सच्या वाटेवर ते कसेबसे परत मिळविले गेले. मेमध्ये यॉर्कचा आर्चबिशप रिचर्ड स्क्रोप कराचे ओझे आणि कारभाराची दैना यांविरुद्ध जाहीरनामा लावून हजारो नागरिकांसह बाहेर पडला. तहाच्या गोड बोलण्याने त्याची माणसे घरी पाठविण्यात आली आणि मग त्याला अटक झाली. मुख्य न्यायाधीश गॅस्कॉइन याने धर्माधिकाऱ्याला देहदंड सुनावण्यास साफ नकार दिला. हेन्रीने दुसरा न्यायाधीश शोधला. ८ जून रोजी यॉर्कच्या वेशीबाहेरच्या शेतात आर्चबिशपचे डोके उडविले गेले. इंग्लंडात आर्चबिशपला खटला चालवून मारण्याचा हा पहिलाच प्रसंग. थोड्याच दिवसांत राजा आजारी पडला आणि पुन्हा धडधाकट झालाच नाही. कातडीचा कसलासा रोग होता, लोकांनी त्याला महारोग म्हटले आणि स्क्रोपच्या समाधीवर मेणबत्त्या लावू लागले. रोग देवाने दिला असे मी म्हणणार नाही; पण हेन्रीला स्वतःला तसे वाटत नसेल असेही म्हणवत नाही. १४०९ मधील त्याच्या मृत्युपत्रात, जे त्याने इंग्रजीतच केले, स्वतःला पापी म्हणवून वाया घालविलेल्या आयुष्याबद्दल त्याने क्षमा मागितली आहे.

गंमत अशी की शरीर खचत गेले तसतसे राज्य सावरत गेले. मार्च १४०६ मध्ये फ्रान्सला निघालेला स्कॉटलंडचा अकरा वर्षांचा युवराज जेम्स समुद्रात पकडला गेला. तो अठरा वर्षे इंग्लंडात राहिला आणि उत्तम कवी व वादक होऊन परतला. १४०८ च्या फेब्रुवारीत ब्रॅमहॅम मूर येथे म्हातारा नॉर्थम्बरलंड ठार झाला. त्याच वर्षी ॲबरिस्टविथ आणि पुढल्या वर्षी हार्लेख हे किल्ले परत मिळाले. ग्लिनडूर मात्र कधीच हाती लागला नाही. त्याच्या डोक्यावर बक्षीस होते, पण ते घ्यावयास एकही वेल्श माणूस पुढे आला नाही. आणि त्याचे थडगे आजतागायत सापडलेले नाही.

घरात आता मुलगा उतावीळ झाला होता. १४१० मध्ये राजपुत्राने मंत्रिमंडळ ताब्यात घेतले. राजाने गादी सोडावी अशी सूचनाही त्याच्या गोटातून झाली, तेव्हा १४११ च्या अखेरीस आजारी हेन्रीने सर्वांना दूर करून कारभार पुन्हा हाती घेतला. बापाप्रमाणे हा मुलगाही संगीताचा भोक्ता होता. ओल्ड हॉल या नावाने प्रसिद्ध असलेल्या, पंधराव्या शतकाच्या प्रारंभीच्या हस्तलिखितात ‘रॉय हेन्री’ म्हणजे ‘हेन्री राजा’ अशा नावाखाली प्रार्थनासंगीताच्या दोन रचना आहेत. त्या बापाच्या की मुलाच्या हा वाद जुना आहे. अलीकडे अभ्यासकांचा कल मुलाकडे आहे. मला त्या बापाच्या असत्या तर आवडले असते, परंतु आवडीवर कर्तृत्व ठरत नाही.

२० मार्च १४१३ रोजी हेन्री वारला. जेरुसलेमला आपल्याला मरण येईल असे भविष्य त्याला सांगितले होते म्हणे. तरुणपणी तो तेथे यात्रेला जाऊन आला होता आणि धर्मयुद्धासाठी पुन्हा जाण्याची त्याची इच्छा होती. प्रत्यक्षात वेस्टमिन्स्टरच्या मठातील ज्या खोलीत त्याचा प्राण गेला तिचे नाव जेरुसलेम होते. कँटरबरीला त्याला पुरले. १८३२ मध्ये ती कबर उघडली तेव्हा दाट तांबूस दाढी आणि जवळजवळ शाबूत चेहरा दिसला. नाकही शाबूत होते, हवा लागताच मात्र ते खचले. महारोगाची वदंता त्या दिवशी बरीच निवाली.

मुलगा पाचवा हेन्री म्हणून बसला आणि त्याने त्याच वर्षी दोन गोष्टी केल्या. रिचर्डचे शव किंग्ज लँगलीच्या आडबाजूच्या मठातून काढून समारंभाने वेस्टमिन्स्टरला नेले. आणि चौदा वर्षे नजरकैदेत वाढलेल्या एडमंड मॉर्टिमरला मोकळे सोडले. १४१५ मध्ये फ्रान्सच्या स्वारीसाठी साउथॅम्प्टन येथे फौज जमली असता, याच मॉर्टिमरला राजा करण्याचा कट शिजला. मॉर्टिमरने स्वतःच जाऊन तो पाचव्या हेन्रीला सांगितला. १४२५ मध्ये तो आयर्लंडात निपुत्रिक वारला आणि त्याच्या जहागिरीबरोबर त्याचा हक्कही बहिणीच्या तेरा वर्षांच्या मुलाकडे गेला. हा मुलगा म्हणजे यॉर्कचा ड्यूक रिचर्ड. ऑक्टोबर १४६० मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात भरलेल्या पार्लमेंटमध्ये शिरला, सरळ रिकाम्या सिंहासनापाशी गेला आणि त्याने त्यावर हात ठेवला.